बाई, तुम्हाला जिना उतरायचा नाहीये

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. ठाण्यात सात मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर एकटी राहते. संधिवाताने गुडघे आणि हाताची बोटं धरली आहेत. घरात वॉकरवर चालते, जिना दोन वर्षांत उतरलेला नाही. गेल्या महिन्यात रात्री तिसऱ्या मजल्यावर एसीच्या वायरिंगने पेट घेतला. लिफ्ट बंद झाली. सगळे धडाधड जिना उतरून गेले आणि मी वॉकर धरून दारात उभी. माझ्यासमोरून तीन घरची माणसं गेली, कोणी थांबलं नाही. आग लवकर विझली, कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून झोप उडाली आहे. रात्री चार-चारदा उठून गॅस बघते. एकटी असताना शेगडी पेटवत नाही. ४० वर्षांत पहिल्यांदा देवापुढचा दिवा लावणं बंद केलंय. मुलगा बेंगळुरूला असतो. त्याला सांगितलं तर घर विकून इकडे ये म्हणेल. मला याच घरात राहायचंय. मी काय करू?

प्रिय बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी एकाच वाक्यापाशी अडले: ‘कोणी थांबलं नाही.’ मला वाटतं, तुमची झोप आगीपेक्षा या वाक्याने उडवली आहे. म्हणून आधी त्याबद्दल बोलू. गॅस, वायरिंग हे सगळं नंतर.

माझ्या वडिलांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली होती. एका रात्री आमच्या फ्रिजमागच्या बोर्डातून धूर यायला लागला. मी आधी काय केलं असेल, तर वडिलांना उचलायला गेले. काखेत हात घातले, कमरेत वाकले, पण माणूस हलेना. ते मला ‘तू जा, तू जा’ म्हणत होते आणि मी रडत होते. शेवटी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी वडिलांना पलंगावरून अलगद गोधडीवर घेतलं, गोधडीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली, आणि आम्ही दोघींनी त्यांना फरशीवरून सरकवत समोरच्या घरात नेलं. दार लावून घेतलं आणि तिथेच बसलो. खाली कोणी गेलंच नाही. बोर्डाचा मेन बंद केल्यावर धूरही थांबला.

त्या रात्री मला कळलं की ज्याला चालता येत नाही त्याला पाच मजले उतरवणं हा आगीतला पहिला उपाय नसतोच. तुम्ही महिनाभर मनातल्या मनात जिना उतरताय, दर पायरीला अडखळताय. तो जिना मनातून काढून टाका. तुमची कामं दोनच. तुमच्या आणि धुराच्या मधे एक बंद दार ठेवायचं, आणि तुम्ही नेमक्या कुठे आहात हे लोकांना कळवायचं. पुढचं काम इतरांचं आहे. त्यासाठी अग्निशमन दल आहे, सोसायटी आहे, शेजार आहे.

हे समजुतीखातर सांगत नाहीये. इमारतीच्या आगीत माणसं भाजून जातात त्यापेक्षा धुराने गुदमरून जास्त जातात. आणि जिना म्हणजे धुराचं धुराडं. खालच्या मजल्यावरचा धूर जिन्यातूनच वर चढतो. त्या रात्री आग तिसऱ्या मजल्यावर होती आणि तुम्ही पाचव्या. उतरला असतात तर त्या धुरातूनच गेला असतात. धावत गेलेले सुखरूप पोचले, कारण तेव्हा जिन्यात धूर फार भरला नव्हता. वॉकर धरून दारात थांबलात ते चुकलं नाही. फक्त दार उघडं ठेवायला नको होतं.

तर अशी आग पुन्हा दुसऱ्या कोणाच्या घरात लागली, तर दार आतून लावा. दाराखालच्या फटीला ओला टॉवेल सारा. तुम्हाला खाली वाकता येत नाही, म्हणून एक जुना पंचा आणि पाण्याची बाटली दाराजवळच्या स्टुलावर आजपासूनच ठेवा. पंचा भिजवून खाली टाकायचा आणि काठीने किंवा वॉकरच्या पायाने फटीत ढकलायचा. मग ज्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे तिथे जायचं, त्या खोलीचंही दार लावायचं आणि १०१ ला फोन करायचा. लागला नाही तर ११२. बोलायचं ते पाठच करून ठेवा: इमारतीचं नाव, पाचवा मजला, घर नंबर, ‘मला चालता येत नाही, मी रस्त्याकडच्या खोलीत आहे.’ शेवटचं वाक्य विसरू नका, जवान शोधत थेट तिथे येतात. खिडकीत टॉर्च हलवा, रंगीत ओढणी बाहेर सोडा. ओरडत बसू नका, ओरडताना धूर छातीत जातो. त्यापेक्षा पीटीच्या तासाला वाजवायचात ती शिट्टी बरी. मोबाईल, टॉर्च, शिट्टी हे सगळं एका छोट्या पिशवीत घालून रात्री पलंगाच्या कडेला अडकवा. फोन उशीखाली चार्जिंगला लावून मात्र झोपू नका.

बाथरूममध्ये लपायचं नाही. पाणी आहे म्हणून माणसाला तिथे सुरक्षित वाटतं. डिसेंबर २०१७ मध्ये लोअर परळच्या कमला मिल्स आवारातल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. बहुतेक गुदमरून गेले, आणि त्यातले बरेचजण स्वच्छतागृहात सापडले. रस्त्याकडे उघडणारी खिडकी नसलेली खोली धुरात सापळा होते.

आग तुमच्याच घरात लागली तर मात्र क्षणभरही थांबू नका. पर्स नाही, कागदपत्रं नाहीत, विझवायला जाणं नाही. वॉकर घ्या, बाहेर पडा, घराचं दार मागे ओढून घ्या आणि समोरच्यांची बेल वाजवा. त्यांच्या घरात आगीपासून लांब जायचं, बाकीचं तिथून. अग्निशामक सिलिंडर घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत: तुम्ही नका घेऊ. तो जड असतो, पिन ओढावी लागते, खटका दाबून धरावा लागतो, आणि तुमच्या बोटांना डब्याचं झाकणही उघडत नाही असं तुम्हीच लिहिलंय. त्या झटापटीत बाहेर पडायची वेळ निघून जाईल. कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात ओतायचं नाही. हाताशी ठेवलेलं मोठं झाकण कडेने सरकवत वर ठेवायचं आणि गॅस बंद करायचा. एवढं जमलं नाही तर बाहेर पडायचं.

आता तुमच्या दाराबद्दल. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की रात्री सेफ्टी डोअरला आतून कुलूप असतं, किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर असते, आणि लाकडी दाराची वरची कडी तुम्ही काठीने सरकवून लावता. ही गोष्ट या आठवड्यातच बदला. धुरात स्वयंपाकघरापर्यंत जाऊन किल्ली आणणं, ती त्या बोटांनी कुलपात घालणं, वरची कडी काठीने पाडणं... नको. सेफ्टी डोअरचं टांगतं कुलूप काढून टाका. सुताराला बोलावून असं लॅच बसवून घ्या की आतून नुसता नॉब फिरवला की उघडेल आणि बाहेरून किल्लीने उघडेल. नॉब गोल नको, दांड्याचा हवा. मुठीत बळ नसलं तरी मनगटाने, कोपराने दाबता येतो. वरची कडी वापरणं कायमचं बंद करा. ती लावलेली असेल तर बाहेरच्याकडे किल्ली असूनही काही उपयोग नाही.

आणि एक किल्ली बाहेर हवीच. वॉचमनकडे नाही, समोरच्या घरी. चोरीची भीती वाटते, हे समजतं. पण ज्या घरी तुम्ही २० वर्षं गुळपोळ्या देताय, तिथे किल्ली द्यायला हरकत नसावी. खिडकीच्या ग्रिललाही एक झडप उघडणारी करून घ्या. तिची किल्ली त्याच खिडकीपाशी, बसल्या जागी हाताला लागेल अशी टांगा. बंद ग्रिल जवानांना कापावं लागतं, आणि त्यात वेळ जातो.

एक छोटा प्रयोग करा. दुपारी पलंगावर आडव्या व्हा, मोबाईलमध्ये वेळ लावा, आणि उठून वॉकर घेऊन दारापर्यंत जाऊन दार उघडा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मग वाटेत काय आडवं आलं ते बघा: पायपुसणं, टीपॉय, चपलांचं कपाट, वर्तमानपत्रांचा गठ्ठा. एकेक हलवा आणि पुन्हा मोजा. वॉकर रात्री हात लांब केला की लागेल इतका जवळ हवा. झोपायच्या खोलीचं दार लावून झोपत जा. बंद दार धूर बराच वेळ बाहेर थोपवतं. आणि बॅटरीवर चालणारे दोन स्मोक डिटेक्टर घ्या, एक झोपायच्या खोलीत, एक हॉलमध्ये. छताला चिकटवायचे असतात, कोणाकडून तरी लावून घ्या. स्वयंपाकघरात नको, दर फोडणीला ओरडेल. महिन्यातून एकदा तपासणीचं बटण काठीच्या टोकाने दाबून बघा. तुम्ही रात्री श्रवणयंत्र काढून झोपत असाल, तर उशीखाली थरथरणारा किंवा दिवा लुकलुकणारा अलार्मही मिळतो. रात्री चारदा उठायचं काम डिटेक्टरला द्या.

गॅसचं असं आहे: तुमच्याकडे सिलिंडर ओट्याखाली आहे, वाकता येत नाही, म्हणून रेग्युलेटर बंद झाला की नाही याची शंका राहते. शंका खरी आहे, तिला भ्रम म्हणू नका. कामाच्या मावशी सकाळचा स्वयंपाक करून जाताना रेग्युलेटर बंद करून जातील असा नियम करा. दिवसभराच्या चहा-दुधाला, गरम करायला, ओट्यावर इंडक्शनची शेगडी ठेवा. ज्वाळा नाही, बटण ओट्याच्या उंचीवर, टायमर आहे, आणि ठरावीक वेळाने आपोआप बंद होते. सपाट बुडाचं स्टीलचं भांडं चालतं, फक्त त्याला चुंबक चिकटतं का ते आधी बघून घ्या. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावरची तारीख मावशींना वाचायला सांगा. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण लावायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. दार-खिडक्या उघडायच्या, समोरच्या घरी जाऊन मगच फोन करायचा. गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास असतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं.

संधिवात असलेल्यांनी जपायच्या दोन-तीन गोष्टी राहिल्या, त्यांच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. शेकायचा विजेचा पॅड लावून झोप लागू देऊ नका, घडी करून वापरू नका. गुडघ्यांना तेल किंवा मलम चोळून त्याच गाउनवर शेगडीपाशी उभं राहू नका. तेल किंवा मलम मुरलेलं कापड भसकन पेट घेतं, साध्या धुण्याने ते पूर्ण जातही नाही. गाउनच्या मोकळ्या बाह्या शेगडीपाशी दुमडून वर करा. मागच्या बर्नरवर काही ठेवूच नका, कारण त्यासाठी हात ज्वाळेवरून न्यावा लागतो. एसी आणि गीझर एक्स्टेन्शन बोर्डवर नकोत. तिसऱ्या मजल्यावर काय झालं ते तुम्ही पाहिलंच.

आता शेजारी. बाई, ‘कोणी थांबलं नाही’ हे खरं आहे आणि ते दुखणारच. पण तो दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. कडेवर मूल घेऊन धुरातून धावणाऱ्या माणसाला त्या क्षणी नवीन काही सुचत नाही. जे आधी ठरलेलं असतं तेवढंच त्याच्या हातून होतं. तुमच्या मजल्यावर काहीच ठरलेलं नव्हतं. ते ठरवून घ्या, आणि उपकार मागतोय असं वाटू न देता. समोरच्या घरातल्या कर्त्या माणसाला सांगा: आग लागली तर माझं दार दोनदा ठोकायचं, मी आतून आवाज दिला की १०१ वाल्यांना सांगायचं, ‘पाचव्या मजल्यावर एक बाई आहेत, चालू शकत नाहीत.’ एवढंच. मला उचला, खाली न्या असं म्हणायचं नाही. एवढं काम कोणीही मनापासून करतो. दिवसा घरी असणारी एक व्यक्ती आणि रात्री असणारी एक, दोघांशी बोला. तुमच्या घरातच आग असेल तर गोधडीवरून कसं सरकवत न्यायचं, तेही एकदा दाखवा. वॉचमनच्या केबिनमध्ये आतल्या बाजूला एक कागद हवा: कोणत्या घरात कोण एकटं आहे, कोणाला चालता येत नाही. दारावर तसं स्टिकर लावायला काहीजण सांगतात. एकट्या बाईच्या दारावर ते नको असं मला वाटतं.

सोसायटीला लेखी पत्र द्या, तोंडी नको. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते गेल्या वेळी दिलं का, हे सेक्रेटरींना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जिन्यात सायकली, कुंड्या, जुनी कपाटं ठेवली आहेत का तेही लिहा. दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीतल्या स्फोटात आग विझवताना गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळतात. त्या सुमारास जवळच्या केंद्राला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि इमारतीत सराव घ्यायला बोलवा. सराव असेल त्या दिवशी जवानांना तुमच्या घरी थांबायला सांगा. चालता न येणाऱ्या माणसाला कसं न्यायचं हे सगळ्यांनी तुमच्या दारातच पाहू दे. आणखी एक: दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याच्या आठव्या कलमात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवावी असं आहे. सांध्यांमुळे तुम्हाला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळत असेल तर ते काढा आणि नाव नोंदवा.

मुलाला सांगा. तुम्ही लपवताय ते त्याला आवाजावरून कळत असणारच. पण ‘मला भीती वाटते’ एवढंच सांगून फोन ठेवू नका. नाहीतर उपाय तो शोधेल, आणि त्याला बेंगळुरूहून एकच उपाय दिसेल. आधी दाराचं लॅच बसवा, समोर किल्ली द्या, डिटेक्टर लावा, आणि मग व्हिडिओ कॉलवर त्याला घरभर फिरवून हे सगळं दाखवा. त्याला कामही द्या: इंडक्शन आणि डिटेक्टर त्यानेच मागवून पाठवावेत, आणि समोरच्यांचा नंबर त्याच्या फोनमध्ये असावा. काम मिळालं की मुलांचा जीव थोडा खाली बसतो, आणि घर विकायचा विषय त्याच्या तोंडी कमी येतो.

रात्रीच्या फेरीबद्दल: नऊ वाजता एकदाच फेरी करा. गॅसपाशी उभं राहून मोठ्याने म्हणा, ‘रेग्युलेटर बंद.’ फ्रिजवरच्या वहीत वेळ लिहा. रात्री जाग आली तर वही आठवा, उठू नका. पहिले काही दिवस फार अवघड जाईल. दारं-किल्ल्या ठरल्यावरही तीन-चार आठवड्यांत झोप परतली नाही, छातीत धडधड होत राहिली, तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. अशी रात्र पाहिलेल्या माणसाला मदत लागणं अगदी साहजिक आहे.

आणि दिवा. तो मला तुम्ही पुन्हा लावायला हवाय. देव्हाऱ्याच्या उंच फळीवर हात वर करून नको, पदर किंवा पडदा जवळ नको. जेवणाच्या टेबलावर एक पितळी परात ठेवा, तिच्यात थोडं पाणी घाला, आणि मधे उलट्या वाटीवर निरांजन. तेल पळीभरच, म्हणजे तुम्ही समोर बसलेल्या असेपर्यंत जळेल आणि आपोआप शांत होईल. रामरक्षा संपायला जेवढा वेळ लागतो तेवढं. काडी पेटवताना बोटं साथ देत नसतील तर लांब दांड्याचा लायटर घ्या. समोरच्यांची नात शाळेतून आलेली असते, असं लिहिलंय तुम्ही. तिन्हीसांजेला तिला बोलवा, वात तिच्याकडून करून घ्या, शुभंकरोती म्हणायला शिकवा. जाताना तिच्याच हातून तुमची किल्ली तिच्या घरी पाठवता येईल.

पुढच्या पत्रात मला दोन गोष्टी कळवा: किल्ली कोणाकडे दिलीत, आणि पलंगापासून दारापर्यंत आता किती वेळ लागतो.

तुमची,
सदरलेखिका